एका जिभेचं राज्य

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावं आता कोणाला आठवत नाहीत आणि त्यांच्या राज्यांच्या सीमाही कोणाला दाखवता येणार नाहीत. गोष्ट मात्र टिकून राहिली. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, अशी ती आहे.

डोंगरांच्या कुशीत सात गावांचं एक लहानसं राज्य होतं. सुगी संपली की राजवाड्यापुढच्या मैदानात सातही गावांचं एकत्र जेवण होई. भात, भाजी, आणि भल्यामोठ्या हंड्यात शिजलेली आमटी.

या आमटीची एक रीत होती. तिच्यात मीठ किती घालायचं, हे आचारी ठरवत नसे आणि राजाही ठरवत नसे. प्रत्येक गावातून एक बाई आपली पळी घेऊन येई. सातही जणी आमटी चाखत आणि मग वाद सुरू होई. डोंगरावरच्या बाईला ती अळणी लागे, कारण चढउतार करून घाम गाळणाऱ्यांना मीठ जास्त लागतं. नदीकाठच्या बाईला तीच आमटी खारट लागे. "तुमच्याकडं काय, मिठात भात कालवता का?" असं एक म्हणे. "आणि तुमच्याकडं पाण्याला फोडणी देतात!" असं दुसरी म्हणे. सातही जणींचं एकमत होईपर्यंत पंगत बसत नसे.

आमटी चाखता चाखता मिठाशिवायच्या गोष्टीही निघत. कुणाच्या गावचा रस्ता खचलेला असे, कुणाच्या गावचा पाटील माजलेला असे. राजा तिथेच उभा असे. त्याला ते सगळं ऐकावंच लागे.

एके वर्षी गादीवर नवा राजा आला. तरुण होता, हुशार होता आणि मनाचा चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्टीतला राजा दुष्ट असला की आपण निर्धास्त होतो. हा राजा दुष्ट नव्हता.

त्याच्या पहिल्याच जेवणाला सात जणींचा वाद फार लांबला. ऊन डोक्यावर आलं. पोरं रडायला लागली. आमटी तळाला लागल्याचा वास सुटला. शेवटी राजाला राहवलं नाही. त्याने पुढे होऊन आमटी चाखली, मिठाच्या मडक्यात हात घातला आणि एक मूठ भरून हंड्यात टाकली.

"वाढा," तो म्हणाला.

पंगत बसली. आमटी अशी काही जमली होती की लोकांनी द्रोण पुसून खाल्ले. डोंगरावरचे आणि नदीकाठचे एकाच सुरात म्हणाले, "राजाच्या जिभेला तोड नाही!"

फक्त एक म्हातारी गप्प होती. ती राजाची आत्याबाई. तिचं सासर नदीकाठच्या गावात होतं आणि त्या गावाची पळी तिच्याच हातात असे.

"का हो आत्याबाई, आमटी आवडली नाही?" राजाने हसत विचारलं.

"आमटी झकास झाली रे," ती म्हणाली. "पण मला सांग, पुढच्या वर्षी आम्ही यायचं की नाही?"

"उन्हातान्हात कशाला त्रास घेता? मी आहे ना!"

हे तो खरोखर मायेने म्हणाला होता.

पुढच्या वर्षी राजाने एकट्यानेच मीठ घातलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. आमटी दर वेळी चांगलीच झाली. मग लोकांना वाटलं, जो मिठाचं इतकं अचूक ठरवतो त्यालाच बाकीचंही विचारावं. भांडायला नको, खोळंबायला नको. ते पेरणीचा दिवस राजाला विचारू लागले. बाजार कुठे भरवावा, विहीर कुठे खणावी, पाटील कोणाला करावं, तेही राजाला विचारू लागले. राजा उत्तर देई. सुरुवातीला तो दोन घटका विचार करून उत्तर देई. नंतर विचारल्याबरोबर देऊ लागला. आणि पुढे पुढे कोणी न विचारताच देऊ लागला.

सात गावांच्या सात चावड्या होत्या. तिथे आता संध्याकाळी माणसं बसत, पण बोलणं होई ते पाव्हण्यारावळ्यांचं आणि हवापाण्याचं. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं.

असा बराच काळ गेला. राजाच्या कानशिलावर पांढरे केस आले.

मग एका पावसाळ्यात राजाला मोठा ताप आला. वैद्यांनी शर्थ केली आणि तो वाचला. अशक्तपणा हळूहळू गेला, भूकही परत आली. फक्त जिभेवरची मिठाची चव परत आली नाही. गोड कळे, आंबट कळे, तिखटाने डोळ्यांत पाणी येई. खारट मात्र जीभ विसरून गेली होती.

हे राजाला ठाऊक नव्हतं. आपली जीभ बिघडली आहे, हे जिभेला कसं कळणार? त्याला वाटलं, वाड्यातला स्वयंपाकच अळणी झाला आहे.

वाड्यात सोनबा नावाचा आचारी होता. राजा लहान असताना त्याला मऊ भात कालवून भरवणारा तोच. राजाने त्याला बोलावून विचारलं, "सोनबाकाका, हात आखडला का तुमचा? वरणाला मीठच नाही."

"महाराज, रोजच्याइतकंच घातलंय."

"म्हणजे माझी जीभ खोटी?"

भोवती बसलेल्या मानकऱ्यांनी सोनबाकडे असे डोळे वटारले की त्याने घाईने हात जोडले. "चुकलं, महाराज," असं म्हणून तो परत गेला आणि त्याने वरणात आणखी मीठ टाकलं.

तेव्हापासून वाड्यातल्या पंक्तीत मोठी गंमत होऊ लागली. मानकरी पहिला घास घेत, "वा! आज चव आली बघा!" म्हणत आणि तांब्या तोंडाला लावत. पाणी वाढणाऱ्यांची धावपळ होई. राजाला वाटे, या लोकांची तहान फारच वाढली आहे. यंदा पावसानंतरचं ऊन कडक दिसतं.

पुन्हा सुगी आली. मैदानात हंडा चढला, सातही गावं जमली. राजाने आमटी चाखली. त्याला ती पाण्यासारखी लागली.

"मीठ घाला," तो म्हणाला.

सोनबाने एक मूठ घातली. राजाने परत चाखली. "आणखी."

सोनबाने आणखी घातली. "अजून नाही. घाला, घाला!"

सोनबाचा हात मडक्यात गेला आणि तिथेच थांबला. त्याने मान वर करून पाहिलं. पंगतीत पोरंबाळं बसली होती, म्हातारीकोतारी बसली होती. उपाशीपोटी, इतक्या लांबून चालत आलेली.

"महाराज," तो म्हणाला, "आता नको."

राजाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"नको म्हणजे?"

"म्हणजे पुरे झालं. जास्तच झालंय. वाटल्यास कोणालाही विचारा."

राजाने सातही गावांच्या लोकांवरून नजर फिरवली. जिथे जिथे नजर गेली, तिथे तिथे माणसं आपापल्या पत्रावळीकडे पाहू लागली. एकाही माणसाने मान वर केली नाही.

"बघा," राजा म्हणाला. "कोणीच तुमच्या बाजूचं नाही. इतक्या लोकांपुढे तुम्ही मला खोटं पाडता? या हाताने मला जेवू घातलंत म्हणून आज तो हात शाबूत आहे. पण या राज्यात आता तुम्हाला जागा नाही. सूर्य मावळायच्या आत सीमेबाहेर जा."

सोनबाने खांद्यावरचा पंचा काढून घामेजलेलं तोंड पुसलं. आमटीचा डाव हंड्याच्या कडेला टेकवला. राजाला नमस्कार केला आणि तो पंगतीच्या मधून चालत निघून गेला. त्याला वाट द्यायला लोकांनी पाय आखडून घेतले. तेवढंच त्यांनी त्याच्यासाठी केलं.

राजाने स्वतःच्या हाताने मीठ घातलं. लोक जेवले. "राजाच्या जिभेला तोड नाही," असंही म्हणाले.

दुपार कलली. लोक पांगले. राजा वाड्याच्या सज्जात बसला होता. सोनबाची पाठमोरी आकृती त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण केलं ते योग्यच केलं, असं तो मनाला पुन्हा पुन्हा बजावत होता.

तेवढ्यात खाली गोंधळ उठला. चरायला गेलेली गुरं परतत होती. रोज ती सरळ गोठ्याची वाट धरत. आज मात्र ती उधळून उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाकडे धावली. गुराखी ओरडत होते, काठ्या आपटत होते, पण गुरं हटायला तयार नव्हती. एकमेकांना शिंगं लावून ती ढिगात घुसत होती.

राजा पाहत राहिला. गुरं पत्रावळींवरच्या शितांकडे वळत नव्हती. ती द्रोण चाटत होती. द्रोण फाटला तरी चाटत होती, द्रोणाखालची माती चाटत होती.

राजाला घोड्यांचा फार नाद होता. लहानपणापासून आपल्या घोडीला तो स्वतःच्या तळहातावर मिठाचा खडा देत असे. दाणा खाताना जनावर कसं तोंड हलवतं आणि मीठ मिळालं की कसं जीभ लांब काढून चाटत राहतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. ते त्याला कोणी शिकवायला नको होतं.

तो तसाच जिना उतरून खाली गेला. ढिगाजवळ जाऊन त्याने पाहिलं. भात संपलेला होता, भाजी संपलेली होती. आमटीचे द्रोण मात्र तसेच भरलेले होते. चाटून झालेली एक गाय हौदाकडे पळाली आणि पाणी पीतच राहिली. वाड्यातले मानकरी पितात, अगदी तशी.

जवळच ओट्यावर आत्याबाई बसली होती. गावाकडे परतण्याआधी ती दम खात होती.

राजा तिच्यापुढे उभा राहिला.

"आत्याबाई, आमटी खारट होती?"

तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "तू विचारतोयस, का सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग ऐक. तोंडात धरवत नव्हती. आणि आजचीच नव्हे. तू तापातून उठलास तेव्हापासून तुझ्या घरचं अन्न खाववत नाही."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की सोनबाने. आज दुपारीच सांगितलं. काय झालं त्याचं?"

राजा तिच्याशेजारी ओट्यावर बसला.

"तुम्ही तरी बोलायचंत," राजा म्हणाला. "तुम्ही माझ्या घरच्या."

"खरं सांगू बाळराजे? मला भीती वाटली. तुला मी मांडीवर खेळवलंय, तरी वाटली. तू काही मला फासावर दिलं नसतंस. पण एवढ्या पंगतीत माझा एकटीचा आवाज निघाला असता, तो मलाच परका वाटला असता. इतक्या वर्षांत कोणाला बोलायची सवयच राहिली नाही."

राजाच्या मनात एक वेगळाच विचार आला.

"आत्याबाई," तो म्हणाला, "मिठाचं गुरांनी सांगितलं. बाकीच्याचं काय? पेरणीचा दिवस मी ठरवतो, विहिरी मी ठरवतो. तिथे चुकलो असेन, तर ते मला कोण सांगणार?"

"ते तुला पाहून यावं लागेल," आत्याबाई म्हणाली. "आणि वर्दी न देता जा. वर्दी देऊन गेलास तर विहिरीला पाणी असेल."

तिच्या बोलण्याचा अर्थ राजाला दुसऱ्या दिवशी कळला. तो वर्दी न देता माळावरच्या गावात गेला. तिथली विहीर कुठे खणायची ते त्यानेच काठी टेकवून दाखवलं होतं. दर वर्षी तो यायचा तेव्हा विहिरीत कमरेएवढं पाणी असायचं. आज त्याने वाकून पाहिलं, तर तळाशी कोरडे दगड होते आणि एक सरडा ऊन खात बसला होता.

गावचा पाटील लटलट कापू लागला. "महाराज, आपण येणार असलात की आम्ही नदीवरून घागरी आणून ओततो. सगळं गाव लागतं त्या कामाला. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून..."

"आणि एरवी?"

"एरवी आणतो नदीवरून. पण तेव्हा प्यायला."

राजा हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे डोक्यावर घागरी घेऊन माळ चढणाऱ्या बाया आल्या. त्याला आनंद व्हावा म्हणून त्या आपल्या तोंडचं पाणी दगडांवर ओतत होत्या.

डोंगरावरच्या गावात त्याला कळलं की त्याने ठरवलेल्या दिवशी पेरलं की त्यांचं बी दर वर्षी वाया जातं. तिथली माती उथळ, ती लवकर सुकते. "हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "शेंबड्या पोराला ठाऊक आहे, महाराज," एक म्हातारा म्हणाला आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकला.

मग राजा सीमेकडे निघाला. सीमेपलीकडच्या धर्मशाळेत सोनबा वाटसरूंसाठी भाकऱ्या थापत होता. राजाला पाहून तो उठून उभा राहिला. पीठ माखलेले हात त्याने मागे लपवले.

"सोनबाकाका," राजा म्हणाला, "माझी जीभ बिघडली होती. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला हाकललं. मी तुम्हाला हुकूम करतो, परत चला."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. सोनबाने ती आधी उलटली. मग म्हणाला, "नाही."

राजाबरोबर आलेले मानकरी दोन पावलं मागे सरले.

"हुकमाने गेलो, महाराज. परत हुकमानेच आलो, तर उद्या आणखी एका हुकमाने जावं लागेल. मी तुमच्या एकट्याचा आचारी नव्हतो. सात गावांना वाढत होतो. त्यांनी बोलावलं तर येईन."

इतक्या वर्षांत राजाने कोणाच्या तोंडून इतकं स्वच्छ 'नाही' ऐकलं नव्हतं. त्याला राग आला. तो छातीपर्यंत चढलाही. पण राजा तिथेच थांबला आणि राग उतरेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. त्यांना विचारतो."

सात गावं मैदानात जमली. राजाने सगळ्यांपुढे सांगितलं, "माझ्या जिभेला खारट कळत नाही. दुसऱ्याही पुष्कळ गोष्टी मला कळल्या नाहीत. यापुढे या राज्यात कोणतीही मोठी गोष्ट मी एकटा ठरवणार नाही. पहिली गोष्ट सोनबाची. त्याला परत बोलवायचं का? बोला."

कोणी बोलेना. सगळे राजाच्या तोंडाकडे पाहत होते. त्याला काय हवं आहे, ते कपाळावरच्या आठ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत होते. राजाला ते कळलं. त्याने आपलं आसन उचललं, तो जमावाच्या अगदी मागच्या रांगेत गेला आणि लोकांमध्ये मांडी घालून बसला.

मग डोंगरावरच्या गावची एक बाई उठली. पदर खोचत म्हणाली, "मी म्हणते, नको! तापानंतर इतके दिवस तोच मुठीमुठीने मीठ घालत होता ना? मग त्याने तोंड उघडायला इतका उशीर का केला?"

"अगं पण उघडलं तरी!" नदीकाठचा एक जण ओरडला. "तू कधी उघडलंस? तेव्हा तर पत्रावळीत मुंग्या मोजत होतीस!"

"आणि तू काय मोजत होतास रे?"

लोक खदखदून हसले. मग एकदम चार जण बोलू लागले, मग चाळीस. कोणी म्हणालं सोनबाला सन्मानाने आणा. कोणी म्हणालं आणा, पण हंड्यावर पुन्हा सात पळ्या हव्यात. कोणी जुनी भांडणं उकरून काढली. मानकरी वैतागले. एक जण मागे येऊन राजाच्या कानाशी लागला, "महाराज, आपण एक शब्द टाका, क्षणात मिटेल."

"ठाऊक आहे मला," राजा म्हणाला. "एकदा असंच क्षणात मिटवलं होतं."

तो उठला नाही. दिवस मावळेपर्यंत वाद चालला आणि मग सातही गावांनी मिळून सोनबाला बोलावणं पाठवलं.

सोनबा आला. त्या राज्यातली कामं पुढे सावकाश होऊ लागली, हे खरं. पेरणीवरून चावड्यांवर आवाज चढत. पंगती उशिरा बसत. माळावरच्या गावकऱ्यांनी आपसात ठरवून नवी विहीर खणायला घेतली, तीही आधी कोरडीच निघाली. पण त्या दिवशी पाटील भर चावडीत म्हणाला, "आपलं चुकलं. उद्यापासून पिंपळाच्या बाजूला खणू." कोणी कापलं नाही, कोणी घागरी भरून आणल्या नाहीत. माणसं कुदळी खांद्यावर टाकून दुसऱ्या जागी गेली आणि तिथे त्यांना पाणी लागलं.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढंच ध्यानात ठेवा: राजा कितीही चांगला असला, तरी सगळी सत्ता एकाच्या हाती गेली की त्याची चूक साऱ्या राज्याला भोगावी लागते, आणि ती चूक त्याला सांगणारं कोणी उरत नाही.